मधलं नाव

जगात शब्द तोलूनमापून वापरणारी माणसं दोनच, एक वकील आणि दुसरी आमची फुई. त्यातही वकील कधीतरी चुकतो. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. पुण्याकडे जिला आत्या म्हणतात तिला आमच्या खानदेशात फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. आमच्या फुवांचं नाव धनराज. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला ते उच्चारायची बंदी नाही. फुईला होती. ती कुणी घातली नव्हती, तिची तिनंच घालून घेतली होती, आणि लग्न झाल्यापासून चव्वेचाळीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसतच. खरं आहे. पण त्या बायका निदान उखाण्यात तरी घेत. फुई सासरी अमळनेरला आली तेव्हा नणदांनी तिला उंबऱ्यावर अडवलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. नवी नवरी शांतपणे उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली. तासाभरानं नणदांना भुका लागल्या, दोन तासांनी सासूच वैतागून म्हणाली की हिला आत घ्या, आणि फुई गृहप्रवेशाची लढाई एकही शब्द खर्च न करता जिंकली.

नुसतं नाव टाळून तिचं भागत नसे. नावाच्या शेजारपाजारचे शब्दही तिनं वाळीत टाकले होते. मसाल्यातल्या धन्यांना ती ‘कोथमिरना बी’ म्हणायची. अमळनेरच्या तिच्या किराणा दुकानदाराला ही भाषा पाठ झाली होती; यादीत कोथमिरना बी दिसलं की तो निमूटपणे धने जोखायचा. धनत्रयोदशीला ती ‘दिवाळीना पहिला दिवा’ म्हणे. शेजाऱ्यांनी आपल्या मुलाचं नाव हौसेनं धनंजय ठेवलं, फुईनं बारशाच्या दिवशीच त्याला बाळू म्हणायला सुरुवात केली, आणि तिचा आवाज असा खणखणीत की वर्षभरात साऱ्या गल्लीनं धनंजय हे नाव सोडून दिलं. पुढे त्याच्या लग्नपत्रिकेवर ‘ऊर्फ बाळू’ असं छापावं लागलं, नाहीतर गल्लीतलं कुणी लग्नाला आलंच नसतं. सगळ्यांत मोठी पंचाईत व्हायची ती आभार मानताना. एकदा बचत गटाच्या बायकांनी तिचा सत्कार केला, शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून ध्वनिक्षेपक पुढे केला. सगळ्या ‘धन्यवाद’ची वाट बघत होत्या. फुई म्हणाली, “बरं व्हयनं,” म्हणजे बरं झालं, आणि खाली बसली. ती उद्धट आहे अशी तिची जी गावभर कीर्ती होती, तिचं मूळ हे एवढंच.

फुवांना ती ‘ओ’ म्हणायची. या एका अक्षरात ती बोलावणं, रागावणं, जेवायला वाढलंय, गॅस संपलाय आणि दारात तुमचा मित्र आलाय हे सगळं बसवायची आणि फुवांना ते बरोबर कळायचं. एकदा बोरी नदीच्या पात्रातल्या यात्रेत दोघांची चुकामूक झाली. फुई थेट कर्ण्यावर पुकारा करणाऱ्याकडे गेली. त्यानं विचारलं, हरवलेल्याचं नाव काय? फुई म्हणाली, “पांढरी टोपी शे. डावा पाय जरासा वढतस.” त्यानं तसं पुकारलं. खानदेशातल्या यात्रेत पांढरी टोपी आणि दुखरा गुडघा यांची काय कमी? बघता बघता मांडवापुढे लंगडणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग लागली. शेवटी फुईनं त्याच्या हातातला माईक ओढला आणि एकदाच, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ओ!” उसाच्या रसाच्या दुकानातून फुवा अर्धा पेला तसाच ठेवून बाहेर आले.

फुवा बोलायला फार थोडे. फुईची त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती, आणि ती तिनं माहेरी आल्यावर पारोळ्याच्या आमच्या ओट्यावर बसून निदान शंभर वेळा केली असेल. “मी नाव लेस नही ती गोष्ट येगळी,” ती म्हणायची, “पन त्यासले काय धाड भरनी? येवढ्या वरीसमा एकदाव नावनी हाक मारी नही. ‘वं’ म्हनतस. ढोरले बलाडतस तसं.” माझी आई समजूत घालायची की पुरुषमाणसं अशीच असतात, लक्षात नसतं त्यांच्या. आम्हीही तेच समजत होतो.

नाव न घेण्यामुळे सरकारदरबारी तिचे हाल होत. आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हणजे आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. फुई पहिलं सांगायची, तिसरं सांगायची, आणि मधल्या नावाच्या जागी नुसती बघत राहायची. बँकेतल्या कारकुनांनी तिला विधवा, परित्यक्ता, कुमारिका असं काय काय लिहून ठेवलं होतं. मग आधार कार्ड आलं आणि फुईचे चांगले दिवस सुरू झाले. कुणी नाव विचारलं की ती कार्ड काढायची, मधल्या शब्दावर बोट ठेवायची आणि म्हणायची, “हाई वाची ल्या.” इतकी वर्षं इतक्या वेळा बोट ठेवून त्या जागचं प्लास्टिक पांढुरकं पडलं होतं. हे कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीतून कधी हलत नसे. ते हललं फक्त एकदा, आणि मी सांगतो आहे ती गोष्ट त्याच दिवसाची.

फुवांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना धुळ्याला आणलं होतं. मी धुळ्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली. तपासण्या झाल्या, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, छाती उघडावी लागेल, परवा दुपारी बारा वाजता घेतो, उशीर परवडणारा नाही. सरकारी योजनेतून खर्च होणार होता, म्हणून दोघांची आधार कार्डं दवाखान्याच्या खिडकीवर जमा केली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले, ते अमळनेरला घरी राहिले होते, आणि ते कुठल्या डब्यात आहेत हे फुईलाच माहीत. ती संध्याकाळच्या बसनं गेली. जाताना नर्सबाईंनी फुवांच्या अंगावरच्या वस्तू तिच्या हवाली केल्या. अंगठी, घड्याळ, करदोड्याचा चांदीचा आकडा आणि स्टीलच्या डबीत कवळी. घरी कुणी नाही, ठेवणार कुणाजवळ, म्हणून फुईनं ते सगळं पदराच्या आत बांधलं आणि सकाळच्या बसनं तसंच परत आणलं. निघताना फुवा तिला म्हणाले होते, “तू ये. तू उनी का मंग मी मझार जासु.” ती आल्याशिवाय ते ऑपरेशनला आत जाणार नव्हते; फुवांचं बोलणं थोडं, पण बोलले की दगडावरची रेघ.

सकाळी दहाला मी स्कूटर घेऊन धुळ्याच्या बसस्टँडवर तिला घ्यायला उभा होतो. बस आली, पण बसमधून फुईआधी आरडाओरडा उतरला. एका बाईची सोन्याची पोत गेली होती. बसस्टँडवर त्या दिवसांत बायकांची एक टोळी फिरते अशी बोलवा होती; एक बाई गर्दीत हात मारते आणि बाहेर गाडी घेऊन तिचा माणूस उभा असतो म्हणे. पोत गेलेल्या बाईच्या शेजारी फुई बसली होती. त्या बाईनं फुईच्या पिशवीला हात घातला, फुईनं तिच्या हातावर सणसणीत चापट मारली, आणि हे नेमकं चौकीतल्या हवालदारबाईंच्या डोळ्यांदेखत झालं. मी “फुई, फुई” करत स्कूटरवरून उतरून धावलो, म्हणजे बाहेर गाडी घेऊन उभा असलेला माणूसही आपण होऊन हजर झाला. पाच मिनिटांत आम्ही दोघं चौकीत होतो.

मला लहानपणापासून पोलिसांची भीती आहे. रस्त्यात पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर असतानाही मी ते चाचपून बघतो. त्यामुळे चौकीतल्या बाकावर बसल्यावरही मी हेल्मेट काढलं नव्हतं. भिंतीवर घड्याळ होतं आणि ते दहा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. फौजदार तरुण होता, आवाज न चढवणारा. त्याची एक पद्धत होती, ती त्यानं आम्हाला आधीच सांगितली. “दोघांना वेगवेगळं विचारणार. दोघांची उत्तरं जुळली की तुम्ही मोकळे. खरं बोलणाऱ्यांची जुळतातच.” मला हायसं वाटलं. त्यानं मला आधी विचारलं. मी शाळेचं ओळखपत्र दाखवलं, फुईचं नाव सांगितलं, फुवांचं नाव, गाव, दवाखाना, ऑपरेशनची वेळ, सगळं एका दमात सांगितलं. मग त्यानं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि फुईला आत घेतलं. दार उघडंच होतं. त्यानं वहीत पेन टेकवून पहिलाच प्रश्न विचारला, “आजी, पूर्ण नाव सांगा,” आणि मी बाकावरून अर्धा उठलो.

फुईनं पहिलं सांगितलं. तिसरं सांगितलं.

“मधलं?”

“मझारलं तुम्ही समजी ल्या.”

“मी काय समजून घेऊ? तुमच्या मालकांचं नाव काय?”

फुईचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडे गेला. पिशवीत कार्ड नव्हतं. तिथे तिच्या ध्यानात आलं की आज आपल्याजवळ बोट ठेवायला काही नाही, आणि तिचा चेहरा उतरलेला मला बाकावरून दिसला. तेवढ्यात हवालदारबाईंनी पदरातली गाठ सोडून घेतली. टेबलावर पुरुषाची अंगठी आली, पुरुषाचं घड्याळ आलं, चांदीचा आकडा आला. डबी उघडली तर आतून कवळी सगळ्या चौकीकडे बघून हसायला लागली.

“हे कोणाचं?” फौजदारानं विचारलं.

“त्यासनं.”

“त्यांचं म्हणजे कोणाचं?”

“आमना मानुससनं.”

“त्या माणसाला नाव असेल ना?”

“शे ना. चांगलं शे,” फुई म्हणाली.

मी बाकावरून ओरडलो, “साहेब, धनराज!” त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, “तुम्ही मधे बोललात तर दोघांचं विचारलेलं सगळं वाया जाईल.” मी म्हटलं, मी दवाखान्यात जाऊन पंधरा मिनिटांत आधार कार्ड घेऊन येतो. तो म्हणाला, “आणि आलाच नाहीत तर?” मी म्हटलं, दवाखान्यात फोन लावा. तो म्हणाला, फोनवर कुणीही कुणाचाही भाचा असतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, आणि हे कळत असल्यामुळे मला जास्तच घाबरायला झालं. टेबलावर पुरुषाचे दागिने, ज्याचे दागिने त्याचं नाव सांगायला बाई तयार नाही, बाहेर गाडीवर साथीदार, आणि साथीदार मध्येच ओरडून उत्तर पुरवतो आहे.

फौजदारानं पेन खाली ठेवलं आणि कायदा समजावून सांगितला. तुम्ही माझ्या हवालदारासमोर एका बाईला मारलंत, तो गुन्हा किरकोळ आहे, त्याच्यासाठी मी तुम्हाला धरत नाही. पण असा गुन्हा डोळ्यांसमोर घडला आणि माणसानं नाव-पत्ता सांगितला नाही किंवा खोटा वाटेल असा सांगितला, तर खरं नाव कळेपर्यंत मला त्याला ताब्यात ठेवता येतं. कळलं की जातमुचलक्यावर सोडतो. चोवीस तासांत नाहीच कळलं तर न्यायाधीशांपुढे उभं करतो. नंतर मी अमळनेरच्या कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की त्यानं सांगितलं ते बरोबरच होतं. नुसतं नाव सांगितलं नाही म्हणून रस्त्यावरच्या माणसाला कुणी उचलत नाही, पण संशय आणि गप्प बसणं एकत्र आलं की अवघड होतं. त्या वेळी मात्र मला यातले दोनच शब्द ऐकू आले होते, ‘चोवीस तास’. सव्वाअकरा झाले होते. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता. तिसऱ्यांदा नर्सबाई म्हणाल्या, पेशंट आत जायला तयार नाहीत, घरच्या बाईंना लवकर आणा, आज राहिलं तर डॉक्टरांकडे पुढचे चार दिवस तारीख नाही. चार दिवस त्या नळ्या थांबणार होत्या का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हवालदारबाई वयानं मोठ्या होत्या, त्यांना काय प्रकार आहे ते आता उमगलं होतं. त्या फुईजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, “मावशी, माझी सासूपण घेत नाही. पण मालकांचं ऑपरेशन आहे म्हणता ना? एकदा घ्या, देव माफ करेल. नाहीतर लिहून द्या.” कागद पुढे आला. फुईनं कागद हातानं बाजूला सारला आणि मग ती बोलली. ती जे बोलली ते मला, तिच्या सख्ख्या भाच्याला, तोवर माहीत नव्हतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधतात. झोका उंच चढवायचा आणि वरच्या पोरीनं नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय खाली उतरू द्यायचं नाही, अशी गंमत. फुईची मोठी बहीण लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आली होती. फुई तेव्हा पंधरा वर्षांची. “झोका मीच दिन्हा,” फुई म्हणाली. “ती म्हने, उतराड माले, चक्कर येस. मी म्हनं, पहिले नाव ले. तिनी हासत हासत लिधं. महिना नही भरना, भाऊ, तिनं कुकू पुसाई गयं. साप चावना त्यासले.” मग तिनं फौजदाराकडे बघितलं. “आज त्या तठे काचनी खोलीना तोंडशी निजेल शेतस, आनि तुम्ही माले आजच नाव लेवाले सांगतस? कोंडी ठेवा. न्यायाधीश पुढे लई जा. बठ्ठा दिन बससु मी. पन आज नही.”

मी विज्ञान शिकवतो. साप नाव ऐकून चावत नाही हे मला पोरांना सांगता येतं. पण त्या घटकेला फुईनं नाव घेतलं असतं तर मीही आतून हादरलो असतो, हे मला कबूल केलं पाहिजे.

फौजदारानं फुईचा बटणांचा फोन हातात घेतला आणि नंबर चाळायला लागला. “हा ‘ओ’ कोण?” त्यानं विचारलं. तो नंबर मीच साठवून दिला होता, फुई नाव लिहू देईना म्हणून. फौजदाराच्या कपाळावर आठी पडली. त्याला ती टोळीची खूण वाटली असावी. त्यानं बटण दाबलं आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. दुसऱ्या घंटेला फुवांनी उचलला. कवळी इथे टेबलावर असल्यामुळे त्यांचे शब्द सगळे हिरड्यांवरून घसरत येत होते.

“कोठे शेस वं?”

“मी पोलीस चौकीतून बोलतोय,” फौजदार म्हणाला. “तुमचं नाव काय?”

“धनराज. काय व्हयनं? ती बरी शे ना?”

“ती म्हणजे कोण?”

“मन्ही घरनी.”

“त्यांचं नाव सांगा.”

फोनमधून दवाखान्यातली कसलीशी टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं सगळं. म्हातारा घाबरला आणि छातीवर ताण आला. फौजदारानं पुन्हा विचारलं, “आजोबा, तुमच्या बायकोचं नाव विचारतोय.”

“आमनी पोरनी माय,” फुवा म्हणाले.

“नाव, आजोबा, नाव.”

“साहेब, नाव मी लेस नही.”

“का?”

“ती मन्हं लेस नही. लगीन व्हयनं तवपाईन नेम पाळी ऱ्हायनी. ती मन्हासाठे येवढं जपस, मंग मी तिनासाठे नको जपू?” थोडं थांबून, दम घेऊन ते म्हणाले, “आनि आज तर लेवावच नही. माले मझार लई जातीन. मन्हामांगे तिले काही व्हयनं तर?”

फौजदार फोनकडे बघत राहिला. मी फुईकडे बघितलं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही तर सारं गाव ते मोजतं. पुरुषानं बायकोचं घेतलं नाही तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्याही आलं नव्हतं. फुईच्याही नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं ती ज्याला ढोराला बोलावणं म्हणत आली होती, ते तिच्याइतकंच कडक पाळलेलं व्रत होतं, आणि ते तिला एका पोलीस चौकीत, टेबलावरच्या कवळीच्या साक्षीनं कळत होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडवेल्या आवाजात फोनकडे बघून एवढंच म्हणाली, “ओ.”

“ये लवकर वं,” फुवा म्हणाले.

फौजदारानं फोन बंद करून फुईच्या हातात दिला, अंगठी, घड्याळ, आकडा आणि डबी एकेक करून तिच्या पुढे सरकवली. हवालदारबाई म्हणाल्या, “साहेब, वहीत काय लिहायचं?” तो म्हणाला, “दोघांना वेगवेगळं विचारलं. उत्तर जुळलं.” मग त्यानं माझ्याकडून मधलं नाव घेऊन लिहिलं, फुईची सही घेतली आणि स्वतःच्या जीपमध्ये आम्हाला बसवलं. दवाखान्याच्या दारात उतरताना फुई त्याला काहीतरी म्हणू बघत होती. मला माहीत होतं तिची कुठे अडचण होते ते. शेवटी ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “बरं व्हयनं,” आणि त्या तरुण माणसाला कुणीही न सांगता त्याचा अर्थ कळला. बाराला दहा कमी होते. फुवा खाटेवर बसून दाराकडे बघत होते. ती दिसल्यावर ते आपण होऊन आडवे झाले.

ती पोत संध्याकाळी त्या बाईच्याच पिशवीत, शेवेच्या पुड्याखाली सापडली. फौजदारानं मुद्दाम फोन करून सांगितलं आणि ऑपरेशनचं विचारलं. ऑपरेशन नीट झालं होतं. पुढे फुवा तीन वर्षं चांगले जगले. त्या तीन वर्षांत फुईनं ‘वं’बद्दल कधी तक्रार केली नाही. उलट ते हाक मारायचे तेव्हा ती मुद्दाम पहिल्या हाकेला ओ देत नसे, म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मारावी लागे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गेल्या थंडीत फुवा झोपेतच गेले. दुःख कसं सांगावं ते मला येत नाही, पण फुईच्या घरी गेलो की ते घर मला फार शांत वाटतं. त्या दोघांच्या घरात तसाही फार आवाज नव्हता, दोनच अक्षरं होती, आणि आता तीही नाहीत. सुरतेहून मुलगी येऊन राहून गेली, सोबत चल म्हणाली, फुई गेली नाही. उन्हाळ्यात तिच्या मसाल्याचं काम निघालं तेव्हा मी मदतीला गेलो होतो. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. फुई डबे उघडून बघत होती, माझ्याकडे पाठ करून. एका डब्यात तिनं हात घातला, तळ खरवडला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “धने सरी गयात रे भाऊ. पावशेर लई ये.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. तिनं वळून बघितलं नाही. मी पिशवी उचलली आणि दुकानात गेलो. मला पाहून दुकानदारानं तराजू पुढे ओढला आणि विचारलं, “फुईनं धाडं का? कोथमिरना बी ना?”

“हो,” मी म्हटलं, “तेच द्या.”